बार्सिलोनात एकटी: पहिले चार तास घट्ट, मधले दिवस सैल

प्रश्न: मी २६ वर्षांची, मूळची साताऱ्याची, नोकरीला पुण्यात. सप्टेंबरात २० ते २६ तारखेपर्यंत बार्सिलोनाला एकटीच सॅक पाठीला लावून जाणार आहे. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली. हॉस्टेलात राहायचं ठरवलंय, बुकिंग अजून केलेलं नाही. जिथे वाचावं तिथे पाकीटमारांच्या कहाण्या. आई म्हणते, "एवढे पैसे घालून लुटून घ्यायला कशाला जातेस?" मला रात्रीचं शहरही बघायचंय. मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. सॅक केवढी घ्यावी इथपासूनच गाडी अडलीय. नीट सांगाल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: आधी हॉस्टेल बुक कर, मग पुढचं वाच. तुझ्या तारखांच्या मधोमध २४ सप्टेंबर येतो. तो ला मेर्सेचा दिवस, शहराची रक्षणकर्ती मानलेल्या मेर्सेमातेचा उत्सव. त्याच्या आगेमागे चार-पाच दिवस सगळं शहर रस्त्यावर असतं आणि जवळपास सगळे कार्यक्रम फुकट. साहजिकच खाटा लवकर संपतात आणि उरतात त्या महाग. एरवी डॉर्ममधली खाट ३० ते ५० युरोत मिळून जाते, या आठवड्यात त्याच्या वर गेली तर दचकू नकोस. त्याशिवाय रात्रीमागे पर्यटन कर असतो, तो बहुधा पोचल्यावर वेगळा भरावा लागतो.

आईचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बार्सिलोनात एकट्या मुलीला जिवाची भीती फारशी नाही, खिशाची आहे. मारहाण न करता केलेली ४०० युरोच्या आतली चोरी स्पेनच्या कायद्यात हलका गुन्हा धरली जाते, त्यामुळे पकडलेला भामटा बऱ्याचदा दंडावर सुटून पुन्हा त्याच मेट्रोत दिसतो. हा तिथला धंदाच आहे, आणि धंदेवाईक माणूस गिऱ्हाईक निवडून घेतो. त्याला हवं असतं ते रात्रभर न झोपलेलं, पुढेमागे दोन पिशव्या अडकवलेलं, हातातल्या फोनवर नकाशा शोधणारं माणूस. म्हणजे विमानतळ ते हॉस्टेल या टप्प्यातली तू, आणि परत जाताना पुन्हा तूच. म्हणून पहिले चार तास आणि शेवटचे चार तास मिनिटामिनिटाला आखून ठेव. मधले दिवस कितीही मोकळे सोडलेस तरी चालतील.

सॅक ४० लिटरची. ६० लिटरची कुणी उसनी देत असेल तरी घेऊ नकोस. हॉस्टेलच्या खाटेखालच्या लॉकरमध्ये ४० ची कशीबशी बसते, ६० ची बाहेर राहते, आणि बाहेर राहिली म्हणजे दिवसभर जीव तिच्यात अडकतो. वजन सात किलोच्या आत ठेवलंस तर बऱ्याच विमानांत केबिनमध्येच चालून जाते आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहावं लागत नाही. वरून तोंड असलेल्या सॅकपेक्षा बॅगेसारखी पुढून पूर्ण उघडणारी बरी, डॉर्मच्या अंधारात सगळं उपसावं लागत नाही. चार टी-शर्ट, दोन पँट, पातळ पावसाळी जॅकेट एवढे कपडे पुरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बार्सिलोनाचे पावसाळी महिने. दिवसा ऊन असतं, पण एखादी सर येते ती धो-धो. शिवाय एक जुना, पूर्ण बाह्यांचा, शंभर टक्के सुती शर्ट आणि एक सुती ओढणी घे. कशाला ते पुढे सांगते. कुलूप आकड्यांचं आणि बारीक कडीचं आण. आपल्याकडची दणकट कुलपं तिथल्या लॉकरच्या भोकातच जात नाहीत. चार्जरची आपली दोन पिनांची पिन तिथे चालते, तीन पिनांची नाही.

हॉस्टेल निवडताना फोटोतली गच्ची बघू नकोस. रिसेप्शन चोवीस तास आहे का, लॉकरमध्ये पूर्ण सॅक मावते का, स्वयंपाकघर आहे का आणि चेक-आउटनंतर सामान ठेवायची खोली आहे का, एवढं लोकांच्या अभिप्रायांत शोध. डॉर्म फक्त मुलींची, सहा खाटांची घे. बारा खाटांच्या डॉर्ममध्ये पहाटे पाचला कुणीतरी येणार आणि सहाला कुणीतरी विमान पकडायला निघणार, मधला एक तास तुझ्या झोपेचा. जागा म्हणशील तर ग्रासिया, एशाम्प्ला किंवा पोब्ले-सेक. गॉथिक भाग आणि रावाल दिवसा फिरायला छान, पण गल्ल्या अरुंद, रात्री गोंगाट, आणि सॅक घेऊन पहिल्यांदा पत्ता शोधायला ती जागा नाही. ला राम्ब्ला या मुख्य रस्त्यावरचं हॉस्टेल स्वस्त मिळालं तरी सोड. फ्लॅटमधली खोली फारच स्वस्त दिसली, तर जाहिरातीत पर्यटक-निवासाचा परवाना क्रमांक दिलाय का ते बघ. नसेल तर नको.

आता उतरल्यावरचं. आखाती देशांतून येणारी विमानं बहुधा टर्मिनल १ ला लागतात. पासपोर्ट तपासणीत परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग आणि विम्याचा कागद मागू शकतात. तिन्ही छापून हाताशी ठेव, फोनची बॅटरी नेमकी तिथेच मान टाकते. बाहेर पडायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन पासपोर्ट, मोठी रक्कम आणि दुसरं कार्ड कपड्याच्या आतल्या कमरपट्ट्यात घाल. वर फक्त एक कार्ड आणि वीस-तीस युरो. हॉस्टेलचा पत्ता आणि बसथांब्यापासूनची वळणं कागदावर लिहून घे. रस्त्यात फोन काढावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

शहरात जायला तीन मार्ग आहेत. एरोबस, म्हणजे विमानतळाची खास बस, सात-साडेसात युरोला पडते, टर्मिनल १ वरून ए१, टर्मिनल २ वरून ए२, आणि ३५-४० मिनिटांत प्लासा दे कातालुन्या या शहराच्या मधल्या चौकात सोडते. रेल्वे स्वस्त आहे, पण ती टर्मिनल २ वरून सुटते, अर्ध्या तासाला एक, आणि सान्त्स स्टेशनातून जाते. सामान घेऊन उतरणाऱ्यांवर डोळा ठेवणाऱ्यांचा तो अड्डाच आहे. मेट्रोची एल-९ सुद ही लाइन थेट विमानतळावर येते, पण तिला वेगळं, पाच-सहा युरोंचं तिकीट लागतं आणि मध्ये गाडी बदलावी लागते. पहिल्या दिवशी एरोबसच घे. सामान डोळ्यांसमोरच्या रॅकवर राहतं, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी वसूल होतात.

हॉस्टेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. सकाळी पोचलीस तर सॅक ठेवून बाहेर पड. पासपोर्ट नोंदणीसाठी मागतात, तो कायदाच आहे. नोंद झाली की लगेच परत घे, काउंटरवर सोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी मेट्रो स्टेशनात यंत्रावर टी-कॅज्युअल काढ. एका माणसाच्या दहा फेऱ्या, झोन १, साधारण १२-१३ युरो. ७५ मिनिटांच्या आत मेट्रोतून बसमध्ये बदललं तर एकच फेरी कापली जाते. हे कार्ड विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही. बरेच जण शेवटच्या दिवशी नेमके तिथेच अडकतात, बॅग घेऊन फाटकाच्या आत, कार्ड लाल दिवा दाखवतंय. विमानतळाच्या रेल्वेला आणि ४६ नंबरच्या बसला मात्र तेच कार्ड चालतं.

चोरांच्या रीती दोन-चारच आहेत, पण त्या माहीत हव्यात. मेट्रोचं दार बंद होता होता हातातला फोन खेचून उतरायचं. सरकत्या जिन्याच्या टोकाला पुढचा माणूस काहीतरी पाडून वाकतो, मागची गर्दी अंगावर येते, तेवढ्यात मागचा हात सॅकमध्ये. कपड्यावर काहीतरी घाण उडते आणि कुणी सज्जन माणूस टिश्यू घेऊन पुसायला धावतो. तो पुसत असताना दुसरा काम करतो. कॅफेच्या टेबलावरच्या फोनवर नकाशा किंवा सह्यांचा कागद पसरायचा, कागद उचलला की फोनही गेला. साध्या वेशातला कुणी 'पोलीस' म्हणून पाकीट तपासायला मागू लागला, तर देऊ नकोस. जवळच्या चौकीवर चल म्हण, तो आपसूक नाहीसा होतो. कुणीही घाण पुसायला आला की थांबायचं नाही, सरळ एखाद्या दुकानात शिरायचं. मेट्रोत दारापाशी उभं राहू नकोस, छोटी पिशवी पोटाशी घे आणि चेनीचे दोन्ही रनर सेफ्टी पिनेनं एकमेकांना अडकव. साधी युक्ती आहे, पण चोराला पाच सेकंद जास्त लागतात आणि तेवढ्यात तो दुसरं गिऱ्हाईक बघतो.

समुद्रावर एकटी जाशील तेव्हा किनाऱ्यावर टॉवेल आणि चपला एवढंच ठेव. फोन जलरोधक पाकिटात घालून गळ्यात अडकवून पाण्यात ने. "जरा लक्ष ठेवता का?" असं शेजाऱ्याला सांगून जाणं तिथे भाबडेपणाचं. आणि पोहण्याच्या कपड्यांत किनारा सोडून रस्त्यावर येऊ नकोस, त्याला दंड आहे.

पैशांचं थोडक्यात. दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू कर, नाहीतर पहिल्याच कॉफीला कार्ड नाकारलं जातं. यंत्र "रुपयांत की युरोत?" असं विचारेल तेव्हा कायम युरो. रुपये निवडलेस की दर त्या यंत्राचा मालक लावतो. पर्यटकांच्या रस्त्यांवर जागोजागी दिसणारी एटीएम टाळ, बँकेच्या दारातलंच वापर. भारतातलं सिम चालू ठेव, ओटीपी त्यावरच येणार. इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घे.

आता जेवण. इथे मात्र सावध राहा, कारण 'मांस नको' म्हटल्यावर तिथला वाढपी वरचं मांस काढून देतो, खामोन म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस आणि टूना हे त्याच्या लेखी मांसात येतातच असं नाही. साध्या मिश्र सॅलडवर टूना असतोच. म्हणून पूर्ण यादी म्हणून दाखव: "सोय बेखेतारियाना. नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून." म्हणजे मी शाकाहारी; मांस, मासे, खामोन, टूना काहीच नको. पालक-मनुका-चिलगोज्यांची कातालान, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतातली, भाजी फार छान, पण तिच्यात कधी कधी खामोनचे तुकडे असतात. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांच्या एस्कालिवादावर अँचोवी मासा घालतात. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. भाज्यांच्या पाएयालाही (पाएया हा तिथला भाताचा पदार्थ) पुष्कळदा माशाचंच पाणी वापरतात, शिवाय पाएया सहसा दोन माणसांपेक्षा कमी करत नाहीत. क्रोकेता, म्हणजे आत सारण असलेले तळलेले गोळे, विचारल्याशिवाय घेऊच नकोस. निर्धास्त खावं असं म्हणजे पा अम तुमाकेत, भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल. मग बटाट्याची तोर्तिया म्हणजे अंड्याचं जाड ऑम्लेट, पातातास ब्रावास म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, गाझपाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. त्या मिरच्या गोडसर असतात, एखादीच तिखट निघते. तुला ती तिखट वाटेलच असं नाही. गोडात मध घातलेलं मातो हे ताजं चीज.

वेळा आपल्याहून उशिराच्या. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. स्वस्तात पोटभर हवं तर सोमवार ते शुक्रवार दुपारी 'मेनू देल दिआ' घे. दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी मिळून १३ ते १८ युरोत भागतं. रात्री पोब्ले-सेकमधल्या कारेर दे ब्लाय या रस्त्यावर पावाच्या चकतीवर काहीबाही रचून वर काडी टोचलेले पिंचोस मिळतात. ताटलीत उरलेल्या काड्या मोजून बिल होतं, शाकाहारी प्रकारही सापडतात. अगदीच भात-आमटी आठवली तर रावालमधल्या पाकिस्तानी-बांगलादेशी किराणा दुकानांत डाळ, तांदूळ, कणिक सगळं आहे. म्हणून तर हॉस्टेलला स्वयंपाकघर बघ म्हटलं. मात्र सुपरमार्केट रविवारी आणि २४ तारखेला बहुतेक बंद, किराणा २३ लाच भरून ठेव. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, चव तेवढी क्षारट लागते. बाटली भरून घेत जा.

ला मेर्सेत दोन गोष्टी चुकवू नकोस. पहिली कास्टेल, म्हणजे मानवी मनोरे. प्लासा सांत जाउमे या चौकात बघ. आपल्या दहीहंडीसारखे थरावर थर, पण वर हंडी नाही. सगळ्यात वर चढलेलं पोर एक हात उंचावतं तेव्हा मनोरा पूर्ण झाला म्हणतात, आणि खरा कस लागतो तो न कोसळता खाली उतरण्यात. कसलेली पथकं नऊ-दहा थरांपर्यंत जातात. मनोऱ्याच्या बुंध्याशी शेकडो माणसं एकमेकांना रेटून उभी असतात, त्या गर्दीला पिन्या म्हणतात. बाहेरच्या माणसालाही कधी तिच्यात हात लावायला बोलावतात. बोलावलं तर जा, पण चष्मा काढून आणि फोन आत ठेवून. मनोरा उभा राहत असताना हाकाटी करायची नाही. खालची माणसं संगीताच्या सुरांवरून वरचा थर ओळखत असतात.

दुसरी कोर्रेफोक, आगीची धाव. सैतानांच्या वेशातली माणसं काठ्यांवर ठिणग्यांची चक्रं फिरवत गर्दीत घुसतात. तो जुना सुती शर्ट आणि ओढणी यासाठी. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं, सुतीला नुसतं भोक पडतं. डोकं आणि मान ओढणीनं घट्ट बांध, टोकं लोंबू देऊ नकोस. पायात बंद बूट, डोळ्यांना साधा चष्मा. आधी मुलांची सौम्य कोर्रेफोक असते, मग मोठ्यांची. पहिल्यांदा मुलांची बघ, दुकानांच्या शटरला पाठ लावून. गर्दी बाल्कन्यांकडे बघून पाणी मागू लागली तर तू त्यात पडू नकोस, ओली झालेली शोभेची दारू भलतीकडे फुटू शकते.

रात्रीच्या शहराचं वेळापत्रक आधी समजून घे. बार अडीच-तीनपर्यंत, क्लब एक-दोनच्या आधी रिकामे. मेट्रो एरवी मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी दोनपर्यंत, शनिवारी रात्रभर. उत्सवाच्या दिवसांत वेळ वाढवतात, स्टेशनातला फलक बघ. बाकीच्या वेळी प्लासा दे कातालुन्यावरून रात्रीच्या बस सुटतात. काळी-पिवळी टॅक्सी मीटरवरच चालते, हिरवा दिवा म्हणजे रिकामी. परतीचा रस्ता बाहेर पडायच्या आधीच ठरव, दोन वाजता गल्लीत उभं राहून नाही. एकटीनं जायला संकोच वाटला तर हॉस्टेलातल्या पोरींबरोबर नीघ, डॉर्ममध्ये दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टोळकं जमतंच. रस्त्यावर बिअरचे कॅन विकणारे ते कॅन कुठे लपवतात ते पाहिलंस तर पिणार नाहीस: गटाराच्या झाकणाखाली आणि कचरापेटीत. ला राम्ब्लावर गांजाच्या क्लबाची पत्रकं वाटणाऱ्यांना "नो ग्रासिआस" म्हणून पुढे चल. स्वतःचा ग्लास हातात ठेव, हे तुला पुण्यातही कुणी सांगितलं असेल. उत्सवाच्या मोठ्या मैफलींत 'पुंत लिला' लिहिलेले जांभळे तंबू असतात. कुणी त्रास दिला, पाठलाग केला, नुसतं अस्वस्थ वाटलं, तरी सरळ तिथे जा. तिथली माणसं त्यासाठीच बसवलेली असतात.

आगाऊ तिकीट दोनच जागांचं काढ. साग्रादा फामिलिया हे चर्च आणि पार्क ग्वेल ही बाग, दोन्ही ठरल्या वेळेची, दोन्ही अधिकृत संकेतस्थळावरूनच. साग्रादा फामिलियाला ऊन उतरतीला लागल्यावर जा. पश्चिमेच्या बाजूच्या काचा लाल-केशरी आहेत आणि त्या वेळी सगळा रंग आतल्या खांबांवर येतो. सकाळी गेलीस तर पूर्वेचा निळा-हिरवा दिसेल, तोही वाईट नाही. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. संग्रहालयांसाठी २४ तारीख राखून ठेव, त्या दिवशी बरीच फुकट उघडी असतात. सोमवारी पिकासो संग्रहालय बंद.

एवढं करूनही काही गेलंच, तर क्रम असा. आधी कार्ड ॲपवरून बंद, मग फोन दूरून लॉक, मग मोसोस या कातालान पोलिसांच्या चौकीत देनुन्सिया, म्हणजे लेखी तक्रार. तिच्या प्रतीशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. जखम, मारामारी, पाठलाग असेल तर ११२. पासपोर्ट गेला तर तीच प्रत घेऊन भारतीय वकिलातीशी संपर्क साध. तातडीचा प्रवासदाखला मिळतो, पण तो फक्त भारतात परतण्यापुरता. पासपोर्ट आणि व्हिसाची रंगीत झेरॉक्स आणि चार फोटो सॅकच्या तळाशी वेगळे ठेव, स्कॅन आईला ईमेलवर पाठवून ठेव. तेवढ्यानं तिचीही काळजी थोडी उतरेल.

शेवटच्या दिवशी सामान हॉस्टेलच्या सामान ठेवायच्या खोलीत, उड्डाणाच्या चार तास आधी तिथून बाहेर. टर्मिनल १ असेल तर पुन्हा एरोबस ए१. रेल्वेवर विसंबू नकोस, ती रखडते आणि टर्मिनल २ ला सोडते, तिथून फुकटच्या बसनं १ ला जाण्यात आणखी वेळ जातो. सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची वेगळी रांग असते, खरेदीच्या झगमगाटात ती लोकांच्या ध्यानातच राहत नाही. खरेदीवरचा कर परत हवा असेल तर दुकानातून घेतलेला फॉर्म सामान चेक-इन करण्याच्या आधी डिवा नावाच्या यंत्रावर स्कॅन कर. स्पेनमध्ये त्यासाठी किमान खरेदीची अट नाही, वीस युरोच्या शालीवरही मिळतो.